‘वयोमानाप्रमाणे ठीक’: ज्येष्ठांचा रक्तदाब उपचारांविना का राहिला?

‘शंभर अधिक वय’ हे सूत्र तुमच्यापैकी अनेकांनी घरी ऐकले असेल. साठीच्या माणसाचा वरचा आकडा १६० असला तरी चालतो, सत्तरीच्या माणसाला १७० चालतो, असा त्याचा अर्थ. आजीचा रक्तदाब मोजून झाला की कोणीतरी ‘वयोमानाप्रमाणे ठीक आहे’ म्हणते आणि पट्टा गुंडाळून ठेवला जातो. हे सूत्र गावगप्पांतून आलेले नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात डॉक्टरच ते एकमेकांना शिकवत होते. पुढे वैद्यकशास्त्राने ते टाकून दिले. घरांनी मात्र जपून ठेवले.

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते; वैद्यक हा माझा विषय नाही. मापनाची साधने हा आहे. आणि रक्तदाबाचा इतिहास हा बऱ्याच अंशी मापनाचाच इतिहास आहे. कोणाच्या दंडाला पट्टा बांधला गेला, कोणत्या आकड्याला ‘जास्त’ म्हटले गेले आणि कोणाची नोंदच झाली नाही, हे पाहिल्याशिवाय आजचे तक्ते नीट वाचता येत नाहीत.

आधी आजचा तक्ता पाहू. ‘लाँजिट्यूडिनल एजिंग स्टडी इन इंडिया’, संक्षेपाने ‘लासी’, ही वाढत्या वयातील भारतीयांची मोठी पाहणी आहे. मुंबईतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने हार्वर्ड आणि सदर्न कॅलिफोर्निया या विद्यापीठांच्या साहाय्याने तिची पहिली फेरी २०१७-१८ मध्ये पूर्ण केली. ४५ वर्षे व त्यावरील वयाचे ७२ हजारांहून अधिक लोक, आणि वयाची अट न लावता त्यांचे जोडीदार, तिच्यात आले. या माहितीवर आधारलेले एक विश्लेषण २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार या वयोगटातील ४५.९ टक्के लोकांना उच्च रक्तदाब होता. अशा लोकांपैकी निदान झालेले होते ५५.७ टक्के, औषध घेणारे ३८.९ टक्के आणि रक्तदाब आटोक्यात असलेले ३१.७ टक्के.

आता साधी वजाबाकी करा. उच्च रक्तदाब असलेल्या १०० जणांपैकी सुमारे ६१ जण औषधाविना आहेत. त्यातल्या ४४ जणांना आपल्याला हा त्रास आहे हे कोणी सांगितलेलेच नाही. उरलेल्या १७ जणांना ते ठाऊक आहे, पण गोळी चालू नाही. ‘उपचार नाही’ या एका शब्दप्रयोगाखाली ही दोन वेगवेगळी माणसे आहेत. एक दारापर्यंत पोहोचलेच नाही, दुसरे दारातून परत फिरले. उच्च रक्तदाब हे पक्षाघाताचे टाळता येण्याजोगे सर्वांत मोठे कारण आहे, त्यामुळे हा फरक केवळ हिशेबाचा नाही. घरातला एक माणूस अंथरुणाला खिळला की दुसऱ्या एका माणसाचे, बहुधा सुनेचे किंवा मुलीचे, बाहेरचे आयुष्यही त्याच्याबरोबर थांबते.

याचे नेहमीचे उत्तर असते: अज्ञान. लोक शिकलेले नाहीत, म्हणून तपासत नाहीत. मला हे उत्तर अपुरे वाटते. ज्या समजुतीमुळे ज्येष्ठ मागे राहिले ती समजूत शास्त्राचीच होती, आणि ज्या व्यवस्थांनी रक्तदाब मोजला त्यांना म्हातारी माणसे नकोच होती. ते कसे, हे क्रमाने पाहू.

पट्टा, पारा आणि विमा

१८९६ मध्ये इटलीतील तुरीन येथे शिपिओने रिवा-रोच्ची यांनी दंडाभोवती फुगवता येणारा पट्टा गुंडाळून पाऱ्याच्या नळीवर दाब वाचण्याची रीत मांडली. त्यांचा पट्टा सुमारे ५ सेंटिमीटर रुंद होता, म्हणजे फारच अरुंद. त्यामुळे आकडा जास्त यायचा. १९०१ मध्ये हाइनरिख फॉन रेकलिंगहाउझेन यांनी रुंद पट्टा सुचवून ही चूक दुरुस्त केली. आजही जाड दंडाला छोटा पट्टा बांधला की तीच चूक नव्याने होते.

रिवा-रोच्चींच्या पद्धतीत मनगटाची नाडी चाचपून फक्त वरचा आकडा मिळे. खालचा आकडा मिळाला तो १९०५ मध्ये, रशियन लष्करी वैद्य निकोलाय कोरोत्कोव्ह यांनी पट्ट्याखाली स्टेथोस्कोप लावून आवाज ऐकला तेव्हा. दोन आकडे हाती आल्यावर महत्त्वाचा कोणता, असा प्रश्न उभा राहिला. पुढची अनेक दशके डॉक्टरांचा कल खालच्या आकड्याकडे होता. हृदय विसावलेले असतानाही दाब जास्त असेल तर तोच खरा आजार, असा तो विचार. ही गोष्ट लक्षात ठेवा. ज्येष्ठांच्या बाबतीत ती पुढे फार महागात पडली.

नव्या उपकरणाचे सर्वांत उत्साही गिऱ्हाईक होते अमेरिकन आयुर्विमा कंपन्या. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून त्यांनी अर्जदारांचा रक्तदाब मोजायला सुरुवात केली, आणि जास्त दाब असलेले लोक लवकर मरतात हे दवाखान्यांच्या आधी त्यांच्या हिशेबनिसांना कळले. पण विमा कोण काढतो? कमावता, बहुधा पुरुष, बहुधा मध्यमवयीन माणूस. सत्तरीच्या विधवेचा रक्तदाब जाणून घेण्यात विमा कंपनीला काहीच रस नव्हता. रक्तदाबाची पहिली मोठी आकडेवारी अशा निवडक लोकांतून तयार झाली. भारतातही मोजणी आली ती बरीचशी नोकरीच्या दारानेच: भरतीची वैद्यकीय तपासणी, विमा, कारखान्याचा दवाखाना. बाईच्या दंडाला पट्टा लागला तो गरोदरपणात. दोन्ही प्रसंग म्हातारपणाच्या आधी संपतात.

वय हेच कारण

१९११ मध्ये जर्मन वैद्य एबरहार्ड फ्रँक यांनी ज्या उच्च रक्तदाबाचे कारण सापडत नाही त्यासाठी ‘एसेन्शियल’ या अर्थाचा शब्द वापरला. त्यांच्या मनात ‘मूळचा, दुसऱ्या आजारातून न आलेला’ असा अर्थ होता. पण याच शब्दाचा दुसरा अर्थ ‘आवश्यक’ असा होतो, आणि तो एका चालत आलेल्या समजुतीशी छान जुळला. वयाने रक्तवाहिन्या कडक होतात, त्यातून रक्त ढकलायला हृदयाला जास्त दाब लागतो, म्हणून म्हातारपणी वाढलेला दाब ही शरीराची सोय आहे; तो उतरवला तर मेंदूला रक्त कमी पडेल. ही समजूत मूर्खपणाची नव्हती. दाब उतरवणारे सुरक्षित औषधच हाताशी नव्हते, तेव्हा ‘हात लावू नका’ हा सल्ला व्यवहार्य होता. ‘शंभर अधिक वय’ या सूत्राचा जन्म याच वातावरणातला.

या काळाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे. मार्च १९४४ मध्ये हृदयरोगतज्ज्ञ हॉवर्ड ब्रुएन यांनी त्यांना तपासले तेव्हा रक्तदाब १८६/१०८ होता. त्यांच्या आरोग्याविषयी लोकांना मात्र सर्व काही ठीक असल्याचेच सांगितले जात राहिले. १२ एप्रिल १९४५ रोजी वयाच्या ६३व्या वर्षी मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचा मृत्यू झाला. जगातल्या सर्वांत सामर्थ्यवान रुग्णापाशी पैसा, डॉक्टर, माहिती सारे होते. नव्हता तो उपचार, आणि उपचार करायलाच हवा हा विचार.

१९५० च्या दशकात ब्रिटनमध्ये जॉर्ज पिकरिंग आणि रॉबर्ट प्लॅट यांच्यात एक गाजलेला वाद झाला. प्लॅट यांच्या मते उच्च रक्तदाबाचे लोक हा वेगळा गट होता. पिकरिंग म्हणत की रक्तदाब उंचीसारखा सलग पसरलेला असतो. उंच आणि बुटके यांच्यातली रेघ माणसाने ओढलेली असते. पिकरिंग यांचे म्हणणे टिकले. त्याचा परिणाम तुमच्या अभ्यासावर थेट होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने १९७८ मध्ये ही रेघ १६०/९५ वर ठेवली होती. १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत ती १४०/९० वर आली. २०१७ मध्ये अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी ती १३०/८० पर्यंत खाली आणली. १९७० च्या दशकातला एखादा भारतीय अभ्यास आणि आजची पाहणी शेजारी ठेवून ‘रक्तदाब केवढा वाढला!’ असे म्हणण्याआधी दोघांची रेघ कुठे आहे ते पाहा. १५० आकडा असलेली आजी एका तक्त्यात निरोगी ठरते आणि दुसऱ्यात उपचारांविना राहिलेली रुग्ण.

मुंबईची सर्पगंधा

इथे मराठी मुलखाचा संबंध येतो. सर्पगंधा ही वनस्पती आपल्याकडे झोपेसाठी आणि उन्मादावर पूर्वीपासून वापरात होती. १९३१ मध्ये कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिचा रक्तदाब उतरवण्याचा गुण नोंदवला. त्याच सुमारास सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी तिच्यातील अल्कलॉइडे वेगळी करण्याचे काम केले. पण जगाचे लक्ष गेले ते मुंबईच्या केईएम रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांच्या लेखामुळे. १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये त्यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवरील सर्पगंधेचे अनुभव प्रसिद्ध केले. बोस्टनमध्ये रॉबर्ट विल्किन्स यांनी ते वाचून अमेरिकेत वापर सुरू केला, आणि १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतील रसायनशास्त्रज्ञांनी तिच्यातून रेसरपिन वेगळे केले. १९५७ मध्ये डॉ. वकील यांना लास्कर पुरस्कार मिळाला. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यांना अर्धे पान तरी मिळायला हवे, असे मला नेहमी वाटते.

१९५८ च्या सुमारास क्लोरोथायझाइड हे लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढणारे औषध आले. आता गोळी होती. प्रश्न उरला तो पुराव्याचा. तो अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून मिळाला. एडवर्ड फ्रीस यांच्या नेतृत्वाखालील चाचणीचे निष्कर्ष १९६७ मध्ये १४३ आणि १९७० मध्ये ३८० रुग्णांवरून प्रसिद्ध झाले. वापरलेल्या तीन औषधांत एक रेसरपिन होते, म्हणजे आपली सर्पगंधाच. गोळी घेणाऱ्यांत पक्षाघात आणि हृदयविकार स्पष्टपणे कमी झाले. पण रुग्ण कोण होते? सगळे पुरुष. आणि त्यांची निवड झाली होती खालच्या आकड्यावरून.

कडक झालेली नळी

आता ती लक्षात ठेवलेली गोष्ट. तुमच्यातल्या यांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी पाणीपुरवठ्यात हवेची टाकी पाहिली असेल. पंप धक्क्याधक्क्याने पाणी ढकलतो आणि टाकीतली हवा दबून-प्रसरून प्रवाह सम करते. जर्मन शरीरशास्त्रज्ञ ओटो फ्रँक यांनी १८९९ मध्ये हृदयाजवळच्या मोठ्या धमनीचे वर्णन याच प्रतिमानाने केले. तरुणपणी ही धमनी लवचीक असते: हृदय आकुंचन पावले की ती फुगते, हृदय विसावले की परत येऊन रक्त पुढे ढकलत राहते. वयाने ती कडक झाली की धक्का जिरत नाही. वरचा आकडा चढतो, आणि फुगवट्यात साठवलेले रक्त नसल्याने खालचा आकडा उलट उतरतो. म्हणून साधारण पन्नाशी-पंचावन्नीनंतर दोन आकड्यांची वाट वेगळी होते. १७५/७८ हा म्हातारपणाचा खास आकडा आहे.

खालच्या आकड्यावर रुग्ण ठरवणाऱ्या वैद्यकशास्त्राला १७५/७८ वाली बाई दिसतच नव्हती. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावात १९४८ पासून ५,२०९ लोकांचा जो दीर्घ अभ्यास चालू होता, त्याने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला वरचा आकडाही तितकाच, किंबहुना वयस्कांत अधिक, धोक्याचा असल्याचे दाखवले. तरीही उतारवयात तो उतरवून फायदा होतो का, हे सिद्ध व्हायला १९९१ उजाडले. त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘शेप’ या अमेरिकन चाचणीत ६० वर्षांवरील ४,७३६ जण होते, निम्म्याहून अधिक स्त्रिया. फक्त वरचा आकडा वाढलेले. स्वस्तातल्या क्लोरथॅलिडोन गोळीने त्यांच्यातील पक्षाघाताचे प्रमाण ३६ टक्क्यांनी घटले. ऐंशीपुढच्यांसाठी आणखी १७ वर्षे गेली. २००८ मध्ये ‘हायव्हेट’ चाचणीने ८० वर्षांवरील ३,८४५ लोकांत मृत्यूंचे प्रमाण २१ टक्क्यांनी कमी झाल्याचे दाखवले आणि फायदा इतका स्पष्ट दिसला की ती मुदतीआधी थांबवण्यात आली.

तारखा मांडून पाहा: पट्टा १८९६ चा, मध्यमवयीन पुरुषांसाठीचा पुरावा १९६७ चा, साठीपुढच्यांसाठीचा १९९१ चा, ऐंशीपुढच्यांसाठीचा २००८ चा. आज साठीत असलेल्या डॉक्टरांचे शिक्षण ‘शेप’च्या आधी झाले आहे. ‘वयोमानाप्रमाणे ठीक’ हे वाक्य दवाखान्यातूनही अजून ऐकू येते याचे आश्चर्य वाटायला नको. (वयस्कांत दाब फार झपाट्याने उतरवला तर उभे राहताना चक्कर येते, माणूस पडतो, हेही खरे आहे. म्हणून डोस हळूहळू वाढवतात. गोळी न देण्याचे ते कारण नव्हे.)

कोरमंगला

या दोन्ही मोठ्या चाचण्यांत भारतीय म्हातारी माणसे नव्हती. ती पोकळी भरण्याचा एक मोठा प्रयत्न बेंगळुरूच्या कोरमंगला भागातून झाला. १९६३ मध्ये सुरू झालेल्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयाचा परिसर इथे आहे, आणि २००४ पासून त्याची संशोधन संस्थाही. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाचे सलीम युसूफ हे याच महाविद्यालयाचे माजी विद्यार्थी; त्यांच्या जागतिक अभ्यासांचे भारतातील समन्वयाचे काम इथून चालले.

त्यातला एक ‘प्युअर’. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या रक्तदाबविषयक भागात १७ देशांतील १,४२,०४२ लोक होते. उच्च रक्तदाब असलेल्यांपैकी ४६.५ टक्के लोकांनाच ते ठाऊक होते. मात्र ज्यांना ठाऊक होते त्यांच्यापैकी ८७.५ टक्के औषध घेत होते. हे दोन आकडे एकत्र वाचा. लोक औषध टाळतात ही तक्रार आपण फार करतो. आकडे सांगतात की सर्वांत मोठी गळती पहिल्याच दारात, मोजणीपाशी होते. अल्प उत्पन्नाच्या देशांत खेड्यातली आणि कमी शिकलेली माणसे याच दारात अडकत होती. अर्थात ‘प्युअर’मध्येही वयाची मर्यादा होतीच: ३५ ते ७०.

दुसरे काम अधिक धाडसी. २००३ मध्ये निकोलस वॉल्ड आणि माल्कम लॉ या ब्रिटिश संशोधकांनी एक विलक्षण सूचना केली होती. ५५ वर्षांवरील प्रत्येकाला, रक्तदाब न मोजताच, अनेक औषधे एकत्र असलेली एक गोळी द्यावी. वय हाच पुरेसा निकष. ज्या वयामुळे एकेकाळी उपचार नाकारला जात होता, तेच वय आता उपचाराचे एकमेव कारण ठरत होते! या ‘पॉलिपिल’ कल्पनेची भारतातील पहिली मोठी तपासणी सेंट जॉन्सच्या समन्वयाने झाली. २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्या चाचणीत देशातील ५० केंद्रांवरचे ४५ ते ८० वयाचे २,०५३ जण होते. पाच औषधांच्या कॅप्सूलने वरचा आकडा सरासरी ७.४ ने उतरला. पुढच्या, ५,७१३ जणांच्या मोठ्या चाचणीत जवळजवळ निम्मे लोक भारतातले होते. गोळीने आणि अ‍ॅस्पिरिनने मिळून हृदयविकार व पक्षाघातासारख्या घटना ३१ टक्क्यांनी घटल्या. पण चाचणी संपेपर्यंत ४३ टक्के लोकांची गोळी सुटली होती, आणि औषध वेळेवर न पोहोचणे हेही त्याचे एक कारण होते. काटेकोर देखरेखीखालच्या चाचणीत हे होते, तर गावातल्या उपकेंद्रात काय होत असेल! २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अशा गोळ्यांना आवश्यक औषधांच्या यादीत जागा दिली.

कोरमंगल्यातच फिरून पाहिले तर ‘दार’ म्हणजे किलोमीटरचे अंतर नव्हे हे समजते. १९९७ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बांधलेल्या क्रीडाग्रामाच्या उंच इमारती आणि राजेंद्रनगरची दाट वस्ती एकमेकांच्या शेजारी आहेत. रुग्णालय दोघांना सारखेच जवळ. इमारतीतल्या निवृत्त गृहस्थाचा रक्तदाब वार्षिक तपासणीत आपोआप मोजला जातो. वस्तीतल्या, अजूनही धुणीभांडी करणाऱ्या बासष्ट वर्षांच्या बाईला तो मोजून घ्यायचा तर एका सकाळचे काम सोडावे लागते, आणि डोके दुखत नसताना ते कोण सोडेल? जवळच्या एजिपुऱ्यातील दुर्बल घटकांच्या चाळी जानेवारी २०१३ मध्ये पाडल्या गेल्या आणि शेकडो कुटुंबे विखुरली. घर हलले की नेहमीचा दवाखाना, कागद आणि महिन्याची गोळी ही तिन्ही आधी सुटतात.

तक्ता कसा वाचावा

आपल्या सरकारी पाहण्यांतही वयाची भिंत बराच काळ होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा जन्म कुटुंबनियोजन आणि बालआरोग्यातून झाला, म्हणून तिच्या चौथ्या फेरीत, २०१५-१६ मध्ये, रक्तदाब मोजला गेला तो १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांचा आणि १५ ते ५४ वयाच्या पुरुषांचा. ज्या वयात हा आजार सर्वाधिक, तेच वय बाहेर! त्या फेरीतील ४९ वर्षांपर्यंतच्या लोकांच्या विश्लेषणात, उच्च रक्तदाब असलेल्यांपैकी औषध घेणारे अवघे १३.३ टक्के निघाले. पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, वरची मर्यादा काढून १५ वर्षांपुढील सर्वांना घेतले गेले. दरम्यान जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘सेज’ अभ्यासाने २००७-०८ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकासह सहा राज्यांतील पन्नाशीपुढच्या लोकांना मोजले होते, आणि मग ‘लासी’ आली. तिची प्रायोगिक चाचणी २०१० मध्ये झाली तेव्हा कर्नाटक चार राज्यांपैकी एक होते.

या पाहण्यांतून गटागटांतले जे फरक दिसतात ते वाचताना एक गोष्ट विद्यार्थ्यांना हमखास चकवते. श्रीमंतांमध्ये उच्च रक्तदाबाचे प्रमाण गरिबांपेक्षा जास्त दिसते. मग हा श्रीमंतांचा आजार का? समजा एका वस्तीत १०० पैकी ६० ज्येष्ठांना उच्च रक्तदाब आहे आणि ४० जण औषध घेतात. दुसऱ्या वस्तीत ३० जणांनाच आहे, पण औषध घेणारे ८. पहिल्या वस्तीत उपचारांविना २० जण, दुसरीत २२. आजार निम्मा, धोका तेवढाच. उपचारांविना राहण्याची शक्यता खेड्यात, गरिबांत, कमी शिकलेल्यांत आणि आदिवासींमध्ये जास्त दिसते. त्यासाठी आजाराचे एकूण प्रमाण दाखवणारा रकाना उपयोगाचा नाही. आजारी लोकांना छेद धरून काढलेला रकाना शोधा.

दुसरा फरक अनपेक्षित आहे. आपल्या समाजात बाईच्या आजाराकडे दुर्लक्ष होते हे आपण जाणतो, म्हणून वृद्ध स्त्रिया मागे असतील असे वाटते. रक्तदाबात उलटे दिसते: निदान झालेल्यांचे आणि औषध घेणाऱ्यांचे प्रमाण पुरुषांत कमी आहे. माझा अंदाज असा की यात कामाच्या वेळेचा हात मोठा आहे. सरकारी दवाखान्याचा बाह्यरुग्ण विभाग सकाळी चालतो आणि निवृत्तिवेतन नसलेला पुरुष सत्तरीतही सकाळी शेतावर, बांधकामावर किंवा पहारेकऱ्याच्या खुर्चीवर असतो. शिवाय स्त्रिया नातवंडांच्या, सुनेच्या निमित्ताने दवाखान्याची पायरी चढतात आणि तिथे त्यांचाही दंड कोणीतरी मोजतो. याचा अर्थ स्त्रियांना न्याय मिळाला असा नाही. म्हातारपणी त्यांच्यात आजाराचे प्रमाण पुरुषांना गाठते, आणि रोजच्या औषधाचा खर्च कमी करायचा झाला तर घरात पहिला नंबर कोणाचा लागतो हे तुम्हाला मी सांगायला नको.

शिक्षणाचा रकानाही जपून वाचा. जास्त शिकलेल्या माणसाला केवळ माहिती जास्त नसते. त्याला नोकरी मिळालेली असते, आणि नोकरीबरोबर तपासणी. १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आणि १९५४ मध्ये सुरू झालेली केंद्र सरकारी आरोग्य योजना या दोन्ही नोकरीला बांधलेल्या. असंघटित कामगाराला यांतले काही नव्हते. २०२४ मध्ये आयुष्मान भारत योजना उत्पन्न न पाहता ७० वर्षांवरील सर्वांना लागू झाली. हे मोठे पाऊल आहे, पण ही योजना रुग्णालयात दाखल झाल्यावरचा खर्च देते. पक्षाघात झाल्यावर पैसे मिळतात. तो टाळणारी रोजची गोळी तिच्यात बसत नाही.

महिन्याची पुडी

त्या गोळीसाठी वेगळा कार्यक्रम आहे. २०१७ च्या अखेरीस भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, आरोग्य मंत्रालय, जागतिक आरोग्य संघटना आणि राज्य सरकारांनी मिळून ‘इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह’ पाच राज्यांत सुरू केला. महाराष्ट्रातले पहिले जिल्हे सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा. त्यातली रचना साधी आहे. दवाखान्यात कोणत्याही कारणाने आलेल्या प्रौढाचा रक्तदाब मोजायचा. औषधांचा क्रम राज्यभर एकच, म्हणजे खरेदी सोपी होते आणि डॉक्टर बदलला तरी गोळी बदलत नाही. एका वेळी ३० दिवसांची गोळी द्यायची, आणि रुग्णाचे कार्ड केंद्रात ठेवायचे, म्हणजे या महिन्यात कोण आले नाही हे शोधता येते. २०२२ मध्ये या कार्यक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. तमिळनाडूने ऑगस्ट २०२१ पासून ‘मक्कळै तेडि मरुत्तुवम’ योजनेत गोळी थेट घरपोच न्यायला सुरुवात केली.

सिंधुदुर्गासारख्या जिल्ह्यात याचे मोल वेगळे आहे. मुले मुंबईला, घरात दोन म्हातारी माणसे, आणि एसटीने तालुक्याला जायचे तर दिवस मोडतो. तिथे गोळी १५ दिवसांची मिळते की ३० दिवसांची, आणि ती जवळच्या उपकेंद्रात मिळते की तालुक्याला, यावर ती चालू राहते की सुटते हे ठरते. ‘एकदा लागली की जन्माची लागते’ म्हणून गोळी नको म्हणणारे आजोबा तुम्हाला भेटतील. त्यांच्याशी वाद घालण्याआधी त्यांना विचारा, शेवटची पुडी कुठून आणली होती आणि ती संपल्यावर आणायला कोण जाणार होते.